मोबाइलमधल्या नाण्यांची पट्टी



गेल्या पंधरवड्याच्या टपालात मंगळवेढा तालुक्यातल्या एका भगिनींचे पत्र होते. वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेले, आणि शेवटची ओळ समासात उभी बसवलेली. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून मजकूर तेवढा सांगतो. मुलगा बारावी होऊन घरी आहे. रानात जातो, म्हशींची धार काढतो, कामाला नाही म्हणत नाही. पण जेवणखाण आटोपले की मोबाइल घेऊन ओसरीवर बसतो तो रात्री बारापर्यंत. विचारले तर म्हणतो, "आई, मी नाणी कमावतोय." कधी बटण दाबायचे, कधी जाहिरात बघायची, कधी वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायची. अशी त्याच्याकडे चाळीस हजार नाणी साठली आहेत म्हणे. आता ती विकून रुपये करायचे आहेत. त्यासाठी मोबाइलवरच्या कोणा माणसाने त्याला सांगितले आहे की तुझे खाते नवे आहे, ते चालणार नाही, घरातले जुने, रोजच्या व्यवहाराचे खाते लागेल. म्हणून पोरगा आईचे पासबुक आणि एटीएम कार्ड मागतो आहे. समासातली ती उभी ओळ अशी होती : "द्यावे का?"

ताई, उत्तर आधीच देऊन टाकतो. देऊ नये. पण नुसते नको म्हटल्याने एवढा मोठा मुलगा ऐकत नसतो, आणि तुमचा मुलगा काही उनाड दिसत नाही. तेव्हा का नको, हे नीट उलगडून सांगतो. घरात बसून सगळ्यांनी वाचावे. हा प्रश्न एका घराचा नाही. माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत ज्या ज्या घरात मोबाइल आहे, तिथे आज ना उद्या तो येणार आहे.

पहिली गोष्ट, मुलगा खोटे बोलत नाही. मोबाइलवर बारीकसारीक कामे करून नाणी मिळवण्याचा प्रकार खरोखरच आहे आणि तो जगभर चालतो. ही नाणी म्हणजे खिशात खुळखुळणारी नव्हेत. ती वहीतली नोंद असते. आपल्या गावच्या सोसायटीची खतावणी गटसचिवाच्या कपाटात एकच असते. इथे तीच खतावणी हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते, म्हणजे एकाने खाडाखोड केली तर बाकीचे ओळखतात. बिटकॉइन हे त्यातले पहिले नाणे, २००९ साली सुरू झाले. त्याच्यामागे कोणतेही सरकार नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेने त्याला चलन म्हणून मान्यता दिलेली नाही. मात्र ते जवळ बाळगणे हा गुन्हाही नाही. बँकांनी या व्यवहारांना हात लावू नये असे रिझर्व्ह बँकेने २०१८ साली फर्मावले होते, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. तेव्हा पोलीस दारात येतील या भीतीने मुलाला रागावू नका. भीती दुसऱ्या ठिकाणी आहे, तिकडे येतोच.

ही नाणी फुकट किंवा थोड्या कामावर वाटण्याची प्रथा कुठून आली, ती हकीगत ऐकण्यासारखी आहे. २०१० साली गॅविन अँड्रेसन नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने अमेरिकेत एक 'तोटी' सुरू केली. अक्षरांचे एक कोडे सोडवा आणि पाच बिटकॉइन घेऊन जा. लोकांनी हे नवे नाणे एकदा हाताळून पाहावे एवढाच हेतू. त्याने वाटण्यासाठी पहिली दहा हजार नाणी पन्नास डॉलरला घेतली होती. म्हणजे पाच नाण्यांची किंमत त्या वेळी आपल्या सव्वा रुपयाच्या आसपास. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनचा भाव एक लाख डॉलरच्या वर गेला. बस्स, तेव्हापासून प्रत्येक एजंटाच्या तोंडी हीच गोष्ट आहे : "त्या वेळी ज्याने एक कोडे सोडवले तो आज कोट्यधीश आहे."

गोष्ट खरी, पण अर्धी. सव्वा रुपयाची वस्तू चौदा वर्षे कोण जपून ठेवतो? ज्यांनी ती नाणी घेतली त्यांतल्या कित्येकांनी ती लगेच खर्चून टाकली, कोणी किल्ली हरवली, कोणाचा संगणक भंगारात गेला. आणि त्यानंतर जी हजारो नवी नाणी निघाली त्यांपैकी बहुतेकांचा आज कोणी भावही विचारत नाही. डाळिंबाच्या एका बागेने एका साली लाखो रुपये दिले म्हणून तालुकाभर डाळिंब लागले, आणि मग तेल्या रोगाने काय झाले, हे सोलापूर जिल्ह्याला मी सांगायला नको.

आता ताईंच्या मुलाची चाळीस हजार नाणी. ऐकायला रक्कम केवढी मोठी! पण चाळीस हजार काय? चाळीस हजार रुपये, की चाळीस हजार चिंचोके? नाण्याचे नाव कळल्याशिवाय आणि आज बाजारात ते कोणी घेतो का हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. एका बिटकॉइनचेच दहा कोटी तुकडे करतात, त्यांना सातोशी म्हणतात. चाळीस हजार सातोशी म्हणजे एक लाख डॉलरच्या भावाने चाळीस डॉलर झाले. हे झाले भाव असलेल्या नाण्याचे. खेळातल्या नाण्यांना तर खेळाबाहेर कसलाच भाव नसतो.

२०२४ च्या मार्चमध्ये टेलिग्रामवर 'हॅम्स्टर कॉम्बॅट' नावाचा खेळ आला होता. पडद्यावरच्या उंदरासारख्या प्राण्याला बोटाने टिचक्या मारायच्या आणि नाणी गोळा करायची. जगभर कोट्यवधी लोकांनी सहा महिने टिचक्या मारल्या. आपल्याकडची पोरेही बांधावर बसून तेच करत होती. कोणाचे लाखो झाले, कोणाचे कोटी झाले. २६ सप्टेंबर २०२४ ला खरी नाणी वाटली गेली, तेव्हा कळले की खेळातले आकडे वेगळे आणि हातात पडणारी नाणी वेगळी. त्या खऱ्या नाण्याचा भाव पहिल्या दिवशी सुमारे एक सेंट, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी पैसे होता आणि पुढे तो उतरतच गेला. सहा महिन्यांच्या टिचक्यांचे पुष्कळांना चहापाण्याचे पैसे मिळाले.

'पाय' नावाचे दुसरे नाणे आहे, ते खेड्यापाड्यांत फार पसरले आहे. रोज एकदा बटण दाबायचे आणि ओळखीच्या माणसांना जोडायचे. १४ मार्च २०१९ ला ते सुरू झाले आणि २० फेब्रुवारी २०२५ ला त्याचा खुला व्यवहार सुरू झाला. मधली सहा वर्षे लोक नुसते बटण दाबत होते. खुले झाल्यावर आठवड्याभरात भाव जवळजवळ तीन डॉलरवर गेला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत अर्ध्या डॉलरच्याही खाली आला. ज्यांनी त्या आठवड्यात विकले त्यांना काही तरी मिळाले, हे मी नाकारत नाही. ते सांगायला पुढे येतात. बाकीचे अजून बटण दाबत आहेत.

बटणाचे राहू द्या, त्यात वेळ तरी थोडा जातो. मला जास्त विचार करायला लावले ते अक्षरे लिहिण्याच्या कामाने. याला कॅप्चा म्हणतात. हजार कोडी सोडवली की साधारण अर्ध्यापासून एक डॉलर, तोही बहुधा नाण्याच्या रूपात. हजारावर मजुरी म्हटल्यावर सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे दुसरे काय उभे राहणार? आपल्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या बाया हजारावरच विड्या वळत आल्या आहेत. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, आणि संध्याकाळी कारखान्यात नेऊन मोजून द्यायच्या. चांगल्या हाताच्या बाईचा हजार विड्यांना सारा दिवस जातो. त्यातूनही छाट निघते, ती मजुरी बुडते.

म्हणून मी एका संध्याकाळी घड्याळ लावून स्वतः बसलो. एक कोडे वाचून, लिहून, पुढचे येईपर्यंत दहा-बारा सेकंद जातात. तासाला तीनशे झाली तर खूप झाली. आठ तास मान वर न करता बसले तर चोवीसशे, म्हणजे सव्वा ते अडीच डॉलर, आपले शंभर ते सव्वादोनशे रुपये. तेही दिवसभर कोडी सतत येत राहिली तर, आणि ती येत नाहीत. चुकलेल्या कोड्याची इथेही छाट आहेच. शिवाय माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागले ते वेगळे. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ सालासाठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे घमेले उचलणाऱ्या बाईपेक्षा ओसरीवर बसलेल्या बारावी पास मुलाचा दर कमी!

पण दरापेक्षा मोठा फरक दुसरा आहे. विडीवाल्या बाईला मालक कोण ते ठाऊक होते. कारखान्याचे दार ठाऊक होते. म्हणून त्या दारावर मोर्चा नेता आला. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, ओळखपत्र आले, भविष्यनिर्वाह निधी आला, आणि झगडून झगडून शेवटी कुंभारीला त्यांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. सगळे मिळाले असे नव्हे, पण मागायला जागा होती. कोडी सोडवणाऱ्या मुलाला मालकाचा देशसुद्धा माहीत नसतो. पैसे अडकले तर दाद कोणाकडे मागणार?

आणि हे काम आहे तरी कशाचे, हेही विचारायला हवे. समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखण्यासाठी संकेतस्थळे दारावर कोड्याचे कुलूप लावतात. यंत्रे सोडून हजारो खोटी खाती उघडणाऱ्यांना ते कुलूप उघडायला माणसे लागतात. म्हणजे आपला मुलगा रात्री बारापर्यंत किल्ल्या घासतो आहे आणि कुलूप कोणाच्या घराचे हे त्याला माहीत नाही. सगळीच कोडी वाईट कामाची असतील असे नाही, पण सचोटीच्या माणसाला आपल्याच दाराचे कुलूप उघडायला परक्याकडून हजारावर किल्ल्या घासून घ्याव्या लागत नाहीत, एवढे खरे.

मोबाइलवरची सगळीच कामे अशी असतात असे मात्र समजू नका. बंगळुरूला 'कार्य' नावाची संस्था आहे. खेड्यातल्या माणसांकडून त्यांच्याच बोलीतली वाक्ये मोबाइलवर वाचून घ्यायची, यंत्रांना आपली भाषा शिकवण्यासाठी, असे काम ती देते. तासाला सुमारे पाच डॉलर असा तिचा दर २०२३ मध्ये जाहीर झाला होता, आणि पैसे रुपयांत, थेट बँकेत. काम कशाचे ते माहीत, देणारा माहीत, मोबदला चलनी. असे काम मिळाले तर सूनबाईंनीही जरूर करावे. त्यात नाण्याची भानगडच नाही, हे लक्षात आले ना?

आता पट्टीकडे वळतो. आपण शेतकरी माणसे, पट्टी वाचायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात कांदा नेला होता, ती पट्टी साऱ्या देशाने वर्तमानपत्रात पाहिली. कांदा ५१२ किलो, भाव किलोला एक रुपया, त्यातून वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता हाती राहिले २ रुपये ४९ पैसे. धनादेश मिळाला २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. त्या पट्टीत माल किती हा आकडा मोठा होता. पण घरी येतो तो खालचा आकडा.

नाण्यांचीही अशीच पट्टी मांडायची. समजा, मुलाने महिनाभरात सहा डॉलरची नाणी जमवली. पण तिथे नियम असतो की दहा डॉलर झाल्याशिवाय काढता येणार नाहीत. हाच 'किमान रक्कम' नावाचा पहिला बांध. त्या बांधाशी कित्येक जण कंटाळून सोडून देतात, आणि त्यांची कमाई जागच्या जागी राहते. दुसऱ्या महिन्यात अकरा डॉलर झाले. आता ती नाणी आपल्या वॉलेटमध्ये, म्हणजे मोबाइलमधल्या बटव्यात आणायची, तर नोंद करण्याचा खर्च कापला जातो. ही झाली हमाली. रक्कम लहान असो की मोठी, ही हमाली बऱ्याचदा सारखीच, म्हणून गरिबाला ती जास्त चावते. मग एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या बाजारात विकायची, तर त्यांची दलाली. मधल्या दिवसांत भाव पडला तर ती घट. वरून विक्रीवर एक टक्का कर आधीच कापला जातो, १ जुलै २०२२ पासून. आणि १ एप्रिल २०२२ पासून या नाण्यांच्या नफ्यावर सपाट तीस टक्के आयकर आहे. "आपण शेतकरी, आपल्याला कुठला आयकर?" असे म्हणून चालणार नाही. माफी शेतीच्या उत्पन्नाला आहे, नाण्याच्या नाही. एका नाण्यात तोटा आला म्हणून दुसऱ्याच्या नफ्यातून तो वजाही करता येत नाही. या सगळ्याच्या खाली, पट्टीत कधीच न दिसणारे मोबाइलचे रिचार्ज, आणि पहाटे धारेला उठायचे असताना रात्रीची गेलेली झोप.

मुलाला सांगा, वही घे, दोन महिन्यांची पट्टी मांड. तास किती गेले ते पहिल्या रकान्यात आणि बँकेत रुपये किती आले ते शेवटच्या रकान्यात. मोबाइलवर दिसणारा आकडा वहीत लिहायचाच नाही.

इथवर जे सांगितले त्यात नुकसान झाले तर वेळेचे. आता दुसरा प्रकार सांगतो, त्यात घर बुडते. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर निरोप येतो : घरबसल्या काम, हॉटेलला नकाशावर पाच तारे द्या, चित्रफितीला पसंती द्या, प्रत्येकी पन्नास रुपये. आपण तीन ठिकाणी तारे देतो आणि खरोखरच दीडशे रुपये खात्यात येतात! इथेच माणूस फसतो, कारण पैसे आलेले त्याने डोळ्यांनी पाहिलेले असतात. मग एका गटात घेतात. तिथे रोज कोणी ना कोणी "मला आज बारा हजार मिळाले" असे चित्र टाकतो. गड्ड्याच्या जत्रेत रिंग टाकण्याच्या पालापाशी जो माणूस पहिल्याच रिंगणीत साबणाची वडी जिंकतो, तो बहुधा पालवाल्याचाच असतो, तसेच हे. मग काम येते 'आधी भरणा' करण्याचे. हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळतात. मग पाच हजार, मग तीस हजार, आणि हे भरायचे पुष्कळदा नाण्यांत, म्हणजे माग लागू नये. एक दिवस पडद्यावर तुमचे दोन लाख दिसतात पण निघत नाहीत. "कर भरा, मग निघतील," म्हणतात. कर भरला की दंड, दंड भरला की आणखी काही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अशा कामांच्या आणि गुंतवणुकीच्या नावाखाली लुटणारी शंभरावर संकेतस्थळे बंद केली. पण एक वारूळ मोडले की मुंग्या दुसरे बांधतात.

मजुरी मिळवण्यासाठी मजुराने आधी पैसे भरायचे, असे तुम्ही कोणत्या शिवारात पाहिले आहे? ऊसतोडीला जाताना उलटी उचल मिळते. खुरपायला आलेल्या बाईकडून मालकिणीने कधी शंभर रुपये ठेव मागितली आहे? ज्या क्षणी काम देणारा पैसे मागेल, त्या क्षणी मोबाइल खाली ठेवायचा.

आणि शिकल्यासवरल्या शहरी माणसांना हे कळते, असेही नाही. 'गेन बिटकॉइन' नावाचे प्रकरण आठवत असेल. महिन्याला दहा टक्के, अठरा महिने, असा वायदा होता. पुण्यात २०१८ साली गुन्हे दाखल झाले, पुढे तपास सीबीआयकडे गेला. सुरुवातीला बिटकॉइनमध्ये परतावा दिला गेला आणि नंतर त्याऐवजी त्यांनी स्वतःच काढलेले नाणे लोकांच्या माथी मारले. सालगड्याला ज्वारी ठरवावी आणि सुगीला हाती कडबा द्यावा, असा तो प्रकार. नाण्याचे नव्हे, पण शेअर बाजाराच्या नावाखाली बार्शीत जानेवारी २०२२ मध्ये काय घडले, ते जिल्ह्यात अजून कोणी विसरलेले नाही.

आता ताईंच्या पासबुकाकडे.

"तुझी नाणी मी घेतो, पैसे आईच्या खात्यावर टाकतो," असे म्हणणारा माणूस मुलाला कधी भेटलेला नाही. तो जे पैसे टाकेल ते कोणाचे असतील? पुष्कळदा ते वर सांगितलेल्या फसवणुकीतले असतात. समजा, जयपूरच्या एखाद्या शिक्षिकेला कोणी लुबाडले. तिचे पैसे चोराने चार खात्यांतून फिरवले आणि त्यांतले आठ हजार तुमच्या खात्यात टाकून तुमच्या मुलाची नाणी घेतली. चोर नाणी घेऊन गेला. शिक्षिकेने तक्रार केली की पोलीस पैशाच्या मागावर खात्यामागून खाते करत येतात आणि बँक तुमच्या खात्यातली रक्कम रोखून धरते. कधी सारे खातेच गोठते. तक्रार राजस्थानात, खाते मंगळवेढ्यात. खुलासे पाठवायचे, हेलपाटे घालायचे, आणि तोवर दर दहा दिवसांचे दुधाचे बिल त्याच खात्यात, पीएम किसानचे दोन हजार त्याच खात्यात, लाडकी बहीणचे दीड हजार त्याच खात्यात, पीक कर्जाचा हप्ताही तिथूनच. म्हशीच्या पेंडीला पैसे नाहीत आणि खात्यात पैसे आहेत पण काढता येत नाहीत, अशी गत होते. आठ हजारांपायी सारा संसार अडतो.

जुने, चालू व्यवहाराचे खाते तो का मागतो, हे आता ध्यानात आले असेल. नव्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली तर बँकेच्या नजरेत भरते. दूध-बिलाच्या खात्यात ती खपून जाते. आणि एटीएम कार्ड कशाला हवे? पैसे टाकायला कार्ड लागत नाही, काढायला लागते. काही ठिकाणी तर खाते महिन्याच्या भाड्याने मागतात, "काही करायचे नाही, नुसते पाच हजार घ्या," म्हणून. खाते तुमच्या नावाचे, अंगठा तुमचा, तेव्हा गुन्ह्याच्या कागदावर नावही तुमचेच येते. "मला काही माहीत नव्हते," हे खरे असले तरी ते शाबीत करायला वकील लागतो.

मुलाला नाणी विकायचीच असतील तर रस्ता आहे. या बाजारांना मार्च २०२३ पासून काळ्या पैशाच्या कायद्याखाली आणले आहे आणि त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. अशा नोंदलेल्या ठिकाणी त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पॅनवर, स्वतःच्या खात्यावर विकावे. तिथे ते नाणे घेतच नसतील, तर त्याची किंमत काय हे त्याला आपोआप कळेल. विकून झाल्यावर रुपये मात्र तिथे ठेवू नयेत. असे बाजारही लुटले जातात : मुंबईच्या वझीरएक्समधून १८ जुलै २०२४ ला सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली आणि ठेवीदार वर्षाहून अधिक काळ अडकून पडले.

कोणाचे पैसे आधीच गेले असतील तर लाजून गप्प बसू नये. १९३० हा क्रमांक लावावा, तोही त्याच तासात. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर तो अडवता येतो, दोन दिवसांनी फार काही हाती लागत नाही. व्यवहाराची वेळ, रक्कम आणि बँकेचा निरोप जवळ ठेवावा. घरात सांगायची भीती वाटते म्हणून पोरे आठवडा-आठवडा दडवतात, आणि तेवढ्यातच सारे निसटते. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावे : गेले तर गेले, पण मला पहिल्यांदा सांग, मारणार नाही.

ताईंना मी उलट टपाली सविस्तर लिहिले होते. परवा त्यांचे कार्ड आले. मुलाने त्या माणसाला कळवले की पासबुक मिळणार नाही, माझ्याच खात्यावर टाका. त्यावर त्या माणसाने उत्तर दिले नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याचे खातेच टेलिग्रामवरून नाहीसे झाले. चाळीस हजार नाणी अजून मोबाइलातच आहेत. मुलगा त्यांची पट्टी मांडतो आहे, आणि तासांचा रकाना भरल्यावर थोडा गप्प झाला आहे, असे त्या लिहितात. सकाळी डेअरीत दूध घालायला आता तोच जातो, आणि दुधाच्या पावतीवरचे फॅटही तोच तपासून घेतो.

फॅट कशाने उतरते, असे मोहोळ तालुक्यातून दोघांनी विचारले आहे. ते पुढच्या अंकात घेऊ.